गाडी ओढत नाही? टर्बो खोलायच्या आधी हे पाहा

दिवाळी झाली, कापूस घरात यायला लागला, की माझ्या गॅरेजवर एक तक्रार हमखास येते. "भाऊ, गाडी दबून राह्यली. चढावर तिसऱ्यातही ओढत नाही." निदान सोबतच आणलेलं असतं, "टर्बो गेला म्हनतेत." कोण म्हणतं असं विचारलं तर कधी साळा, कधी चहाटपरीवाला, कधी शहरातलं एखादं गॅरेज, जिथे बोनेट उघडून दोन मिनिटांत हजारांचा आकडा सांगितलेला असतो.

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, मी वीसेक वर्षं गाड्या खोलतो आहे. टर्बो गेला म्हणून आलेल्या गाडीत खरोखर टर्बोच गेलाय, असं मला फार कमी वेळा सापडलं. बाकीच्यांत फाटका पाईप, तुंबलेला फिल्टर, उंदराने कुरतडलेली नळी, पाणी उतरलेलं डिझेल, नाहीतर घासून गुळगुळीत झालेली क्लच प्लेट निघाली. म्हणून तपासायचा क्रम महत्त्वाचा. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

हे लिहितोय ते नुकतीच जुनी डिझेल गाडी घेतलेल्यांसाठी. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (गाडीच्या धुराचे कडक नियम) लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. म्हणजे आज तुम्ही जी डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर घ्याल ती पाचेक वर्षं तरी कुणीतरी वापरलेली असणार. आधीच्या मालकाने काय केलं ते तो सांगत नाही, गाडी सांगते.

सामान फार लागत नाही. एक टॉर्च, पेचकस, आठ आणि दहा नंबरचा पाना, जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते ती ५० मिलीची सिरींज, आणि जमलं तर मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा ओबीडी ॲडॅप्टर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष मोबाईलवर दाखवणारी डबी.

टर्बो करतो काय

लोहाराचा भाता पाहिलाय ना? कोळसा तेवढाच, पण भाता मारला की जाळ वाढतो. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे, फक्त त्याला मारायला माणूस लागत नाही. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एका चाकाला फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणजे डिझेल जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद. दाबलेली हवा तापते, म्हणून मध्ये इंटरकूलर असतो.

हा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, काही गाड्यांत त्याहून जास्त. तो बॉल बेअरिंगवर नाही, बहुतेक गाड्यांत ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑईल गेलं, घाण झालं किंवा उशिरा पोचलं की टर्बो संपला. खराब होण्याची दुसरी मोठी वाट धुळीची. बाकी दांड्याला आणि चाकांना सहसा काही होत नाही.

दोन जाती ओळखून ठेवा. साध्या टर्बोत दाब फार झाला की एक झडप उघडते आणि धूर बाजूने निघून जातो. दुसऱ्यात धुराच्या बाजूला चाकाभोवती हलणारी पाती असतात. ती मिटली की धूर जोराने लागतो, उघडली की सैल. त्याला व्हीजीटी म्हणतात. ७५ एचपीच्या १.३ लिटर स्विफ्टला साधा टर्बो, आणि तेच इंजिन ९० एचपीचं झालं तिथे व्हीजीटी. स्कॉर्पिओच्या २.२ लिटर एमहॉकलाही व्हीजीटी. तुमची गाडी कोणती ते आधी माहीत करून घ्या, कारण पुढच्या अर्ध्या तपासण्या त्यावर ठरतात.

तक्रार नीट ऐका

गिऱ्हाईक आलं की मी पहिली दहा मिनिटं हात लावत नाही, विचारतो. तुम्ही स्वतःला विचारा. ताकद एका दिवसात गेली की महिनोन्‌महिने हळूहळू? खालच्या रेसला दबते की दोन हजाराच्या वर? पिवळा दिवा लागला का? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, गाडी थांबवून, चावी बंद करून पुन्हा चालू केली की ताकद परत येते का?

परत येत असेल, आणि चढावर काही किलोमीटर गेल्यावर पुन्हा जात असेल, तर गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच टर्बो आवरून धरलाय. त्याला दाब मागितला त्यापेक्षा जास्त किंवा कमी दिसला आणि इंजिन वाचवायला त्याने हात आखडता घेतला. व्हीजीटीच्या गाडीत याचं नेहमीचं कारण काजळीने अडकलेली पाती. चावी बंद-चालू करूनही फरक पडत नसेल, सकाळपासून रात्रीपर्यंत सारखीच दबत असेल, तर पाईप, फिल्टर, नळी यांच्याकडे बघा. एका झटक्यात गेली, "फुस्स" असा आवाज आला आणि मागे काळा धूर, तर पाईप निघालाय किंवा फाटलाय. रस्त्याच्या कडेलाच सापडेल.

टर्बोचा संबंधच नसलेली दुखणी

ही आधी बाजूला काढा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरात ४०-५० च्या वेगाने चाला आणि एक्सलेटर पूर्ण दाबा. इंजिनाची रेस वर पळतेय आणि वेगाचा काटा तिथेच रेंगाळतोय, तर क्लच प्लेट घसरतेय. ऊस जळाल्यासारखा नाही, ब्रेक पॅड जळाल्यासारखा उग्र वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही.

दहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. एका मास्तरांच्या गाडीचं हेच निघालं होतं. ते तीन महिने टर्बोसाठी पैसे जमवत होते.

मग डिझेल. पंप लांब म्हणून आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी ड्रमात भरून ठेवतात, अडीनडीला तेच कारमध्ये जातं. पावसाळ्यात ड्रमात घाम धरतो, तळाशी पाणी बसतं. बऱ्याच गाड्यांच्या डिझेल फिल्टरला खाली पाणी सोडायचा स्क्रू असतो. तो सैल करून पहिलं पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. हा डिझेल फिल्टर तुंबला असेल तर गाडी जोर मागताच मरते, पण काळा धूर नाही. ही खूण लक्षात ठेवा. हवा कमी पडली तर धूर काळा, डिझेल कमी पडलं तर धूरच नाही.

इथे एक गोष्ट जोरात सांगतो. ट्रॅक्टरवर हात बसलेल्या माणसाला सवय असते, इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करायचा आणि हवा काढायची. कॉमन रेल गाडीवर, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच पाईपातून जबर दाबाचं डिझेल जातं तिथे, हे कधीही करू नका. न्यूट्रलमध्ये, रेस न देतासुद्धा त्या पाईपात २५०-३०० बारच्या आसपास दाब असतो, जोरात हजाराच्या पुष्कळ वर जातो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून सुईच्या टोकाएवढी जखम दिसते आणि आतून बोट सडतं. तसं झालंच तर दुखत नसलं तरी घरी थांबू नका, सरळ दवाखाना.

धुराचा रंग

संध्याकाळी, मागच्या गाडीच्या दिव्याच्या उजेडात धूर चांगला दिसतो. मित्राला मागून चालायला सांगा. जोर देताना काळा, म्हणजे हवा कमी : एअर फिल्टर तुंबलाय, पाईप गळतोय किंवा ईजीआर झडप (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी) उघडी अडकलीय. निळसर, म्हणजे ऑईल जळतंय. हिवाळ्यात सकाळी पहिली दोन मिनिटं पांढरा निघाला तर काळजी नाही. तापलेल्या इंजिनातून सतत पांढरा येतोय आणि कूलंट कमी होतोय, तर प्रकरण बहुधा टर्बोचं नाही, हेड गॅस्केटचं आहे.

बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्यामुळे पाईप फाटला तरी काळा धूर दिसत नाही. या गाड्यांत धुरावर विसंबू नका.

एअर फिल्टर : आपल्याकडचा पहिला गुन्हेगार

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी, त्या मागोमाग कापूस. जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर काढून पाहा. घड्यांमध्ये धूळ आणि त्यावर कापसाच्या तंतूंची गोधडी असते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले किलोमीटर आपल्याकडे अर्धे धरा.

फिल्टर बाहेरून हवा मारून साफ करू नका, धूळ आत ठासते. आतून बाहेर, लांबून, हलक्या हाताने एकदा चालतं. माझं विचाराल तर बदलाच. आणि बदलताना स्वस्ताच्या नादी लागू नका. ज्याची रबरी कड नीट बसत नाही तो फिल्टर नसल्यासारखाच. कडेने शिरलेली काळ्या मातीची धूळ टर्बोच्या चाकाला सँडपेपरसारखी घासते. फिल्टरच्या डब्याच्या आतल्या भिंतीवर, फिल्टरनंतरच्या म्हणजे टर्बोकडच्या बाजूला, बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर कडेने हवा शिरतेय. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीतही तंतू बसतात, तेही त्याच दिवशी झटका. मे महिन्यात ४५ डिग्रीला इंटरकूलर तुंबलेला असेल तर चांगला टर्बोही दमतो.

पाईप

इंजिन थंड असताना बसा. फिल्टरपासून टर्बोपर्यंत, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत, इंटरकूलरपासून इंजिनापर्यंत. प्रत्येक जोडावर आणि वाकणावर हात फिरवा, खालच्या बाजूनेही. खालची बाजू टॉर्चला दिसत नाही आणि पाईप तिथेच फाटतो. गळतीची खूण म्हणजे ऑईलमध्ये भिजलेल्या धुळीचा काळा ओलसर पट्टा. जिथे हवा सुटते तिथे ऑईलचा फवारा उडतो आणि त्यावर माती बसते.

पाईपाच्या आत थोडं ऑईल दिसलं म्हणून घाबरू नका. इंजिनाच्या श्वासाबरोबर थोडं ऑईल तिथे येतंच. बोट ओलं झालं तर ठीक. पाईप उलटा केल्यावर चहाच्या कपाएवढं सांडलं तर ठीक नाही.

मग एकाला रेस द्यायला बसवा आणि तुम्ही पंखा, पट्टा यांपासून हात लांब ठेवून इंटरकूलरनंतरचा रबरी पाईप मुठीत धरा. रेस दिली की तो हातात फुगायला, कडक व्हायला हवा. उभ्या गाडीत दाब कमीच बनतो, तरी फरक कळतो. काहीच जाणवलं नाही आणि कुठून तरी "सूंऽऽ" ऐकू आलं, तर त्या जोडावर साबणाचं पाणी मारा.

गेल्या मे महिन्यात वऱ्हाड घेऊन नागपूरकडे निघालेली एक गाडी तळेगावच्या घाटात बसली. ड्रायव्हरचा फोन आला. पाईप टोकाजवळ बोटभर फाटला होता. त्याला सांगितलं, फाटका भाग ब्लेडने सरळ काप, उरलेला ओढून पुन्हा बसव, क्लिप आवळ. टोकाला फाटलेला असेल तर हे जमतं. मध्ये फाटला असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, वर दोन क्लिपा, आणि हळू हळू घर गाठायचं. चिकटपट्टी लावू नका, ऑईलवर ती दहा मिनिटं टिकत नाही. आणि अशा गाडीवर महिना काढू नका, कमी पडलेला दाब भरून काढायला टर्बो मर्यादेबाहेर पळत राहतो.

नळ्या आणि सिरींज

बऱ्याच गाड्यांत टर्बोची झडप किंवा पाती हलवायचं काम व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेण्याच्या जोरावर, चालतं. पेन्सिलएवढ्या काळ्या नळ्या, एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह, आणि टर्बोवर बसलेला पत्र्याचा डबा, त्यातून निघालेली सळई. कोठ्यात, तुरीच्या पोत्यांच्या शेजारी गाडी उभी करता? उंदीर त्या नळ्या खातात. ब्रेकलाही तोच व्हॅक्यूम लागतो, म्हणून ताकद गेली आणि ब्रेकचा पायडलही दगडासारखा झाला असेल तर सरळ नळ्या बघा, आणि नीट होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

व्हीजीटी गाडीत एकाला इंजिन चालू करायला सांगा आणि त्या सळईकडे पाहा. बहुतेक गाड्यांत चालू होताच सळई सेंटीमीटरभर ओढली जाते आणि बंद केल्यावर सावकाश परत येते. हलली नाही तर डब्यावरची नळी काढून बोटावर धरा, बोट ओढलं गेलं पाहिजे. ओढ नाही, तर दोष मागे आहे : नळी, व्हॉल्व्ह किंवा व्हॅक्यूम पंप. ओढ आहे पण सळई हलत नाही, तर डब्यातला रबरी पडदा तरी फाटलाय किंवा पाती तरी अडकलीत. (साध्या टर्बोची झडप बऱ्याचदा दाबावर चालते, तिची सळई उभ्या गाडीत हलणारच नाही. आणि डब्यातून विजेची वायर निघत असेल तर ही तपासणी सोडा, स्कॅनरवाल्याकडे जा.)

आता सिरींज. दट्ट्या पूर्ण आत दाबून ती एका तुकडा नळीने डब्याला जोडा आणि ओढा. दट्ट्या जड लागला, सोडल्यावर झपकन परत गेला, तर आतला पडदा धड आहे. सहज, वाऱ्यासारखा बाहेर आला, तर पडदा फाटला. एका पोराने हे माझ्यासमोर केलं आणि म्हणाला, "एवढंच होय? मले तं अख्खा टर्बो सांगतला होता." त्याची नळी तर फाटलेलीही नव्हती, नुसती निघाली होती.

मोबाईल जोडल्यावर

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्या ओबीडी ॲडॅप्टरशी बोलतात, काही जुन्या बोलत नाहीत. कोड पाहा. पी-०२९९ म्हणजे दाब कमी, पी-०२३४ म्हणजे दाब जास्त, पी-०१०१ हवा मोजणाऱ्या सेन्सरची गडबड, पी-००८७ म्हणजे डिझेलचा दाब कमी. पी-०२९९ वाचून टर्बो बदलणारे मी पाहिलेत. तो कोड एवढंच म्हणतो की हवा पोचली नाही. का नाही पोचली ते तो सांगत नाही. वरच्या सगळ्या पायऱ्या त्या "का"साठीच आहेत.

कोड लगेच पुसू नका, आधी फोटो काढा.

मग मॅप नावाचं रीडिंग उघडा, ते इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब सांगतं. चावी चालू, इंजिन बंद असताना ते बाहेरच्या हवेचा दाब दाखवतं. नागपूर-वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात ९५ ते ९८ किलोपास्कलच्या आसपास यायला हवं. चिखलदऱ्याला, हजार-अकराशे मीटर उंचीवर, ८८-८९ दिसेल. तिथे गाडी थोडी सुस्त वाटली तर तो दोष नाही. भलताच आकडा आला, समजा ७० किंवा १२०, तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि कॉम्प्युटर त्या खोट्यावर चालतोय.

आता मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या, ड्रायव्हरने बघायचं नाही. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरात दीड हजार रेसपासून एक्सलेटर पूर्ण दाबून तीन हजारापर्यंत न्या. चांगल्या गाडीत मॅप दोनशेच्या आसपास किंवा वर जातो, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त. शंभर-सव्वाशेवरच अडला तर दाब बनतच नाही. झपकन वर जाऊन अचानक खाली कोसळला, तर कॉम्प्युटरने हात आखडला, पाती अडकल्याचा संशय घ्या. दाब उत्तम आहे आणि तरीही ओढत नाही, तर टर्बोला विसरा. डिझेल, इंजेक्टर, किंवा सायलेन्सरच्या वाटेवर तुंबलेला कॅटॅलिटिक (धूर साफ करणारा डबा).

डीपीएफ, आणि कुटाराचा ढीग

बीएस-६ गाडी गावातल्या गावात चालवली तर डीपीएफ भरत जातो, कारण तो साफ व्हायला आतलं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास जावं लागतं. दिवा लागला की समृद्धीवर किंवा कोणत्याही मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून, दोन हजाराच्या वर रेस राखून वीस-पंचवीस मिनिटं चाला. मध्येच बंद करू नका. वारंवार मध्येच बंद केलं तर डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसतं. वाढलेलं ऑईल बघून खूश होऊ नका, ते बदला.

त्या वेळी सायलेन्सर भयंकर तापलेला असतो. गाडी सोयाबीनच्या कुटारावर, वाळल्या पऱ्हाटीवर, धुऱ्यावरच्या गवतावर उभी करू नका. "डीपीएफ काढून पाईप टाकून देतो" म्हणणारे भेटतील. बेकायदेशीर आहे, नंतर ती गाडी विकतानाही तोंड लपवावं लागतं.

आता टर्बो उघडा

एवढं करून काही सापडलं नाही, किंवा निळा धूर आणि रुग्णवाहिकेच्या सायरनसारखा चढता आवाज येतोय, तर टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाईप काढा. इंजिन थंड, चावी खिशात.

टॉर्च टाका. चाकाच्या पात्यांची धार अखंड आहे का, की कुरतडल्यासारखी झालीय? भिंतीवर गोल ओरखडा आहे का? मग बोटाने फिरवा, अडखळता कामा नये. मधला नट धरून बाजूला हलवा. थोडा हलतो, कारण आत ऑईलचा थर नाही, तेवढं चालतं, फक्त पाती भिंतीला टेकायला नको. आता तोच आपल्याकडे ओढा आणि आत ढकला. या दिशेने टकटक जाणवली तर टर्बो गेला. या एका तपासणीवर मी गिऱ्हाईकाला आकडा सांगतो, आधी नाही.

आणि माझी चूक ऐका. काही वर्षांपूर्वी लग्नसराईत एका भाड्याच्या गाडीचा टर्बो खरोखर गेला होता. मी नवीन कार्ट्रिज (दांडा आणि चाकं असलेला टर्बोचा मधला भाग) टाकलं, गाडी झकास पळाली. बाराव्या दिवशी गाडी परत आली, मागे निळ्या धुराचं शेपूट. मालक काही बोलला नाही, नुसता ओट्यावर बसून राहिला, त्याचं जास्त लागलं. खोललं. टर्बोतून ऑईल खाली उतरायची नळी असते, तिच्या गॅस्केटला मी हौसेने सिलिकॉन पेस्ट लावली होती. दाबल्यावर ती आत फुगून आली आणि अर्धं भोक बुजलं. वरून ऑईल येतंय, खाली उतरायला वाट नाही, मग ते सीलमधून निघून धुरात जाणार. टर्बो बिचारा ठीक होता. पेस्टचा तो लाल गोळा, चिंचोक्याएवढा, मी बरीच वर्षं खिडकीत ठेवला होता.

तेव्हापासून ऑईलच्या नळीच्या जोडाला पेस्ट नाही, फक्त कोरं गॅस्केट. ऑईल आणणारी बारीक नळी धुऊन वापरत नाही, नवीनच टाकतो, कारण आत जळलेल्या ऑईलचा थर धुतल्याने निघत नाही. आणि ऑईल भरायचं झाकण काढून पाहतो. चालू इंजिनात तिथून भसाभस धूर निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आतला दाबच ऑईल उतरू देत नाही. अशा इंजिनावर नवीन टर्बो म्हणजे पैसे पाण्यात.

इंजिन स्वतःहून पळत सुटलं तर

टर्बोचं सील फुटून ऑईल हवेच्या पाईपातून इंजिनात गेलं, की इंजिन डिझेलऐवजी ऑईलवर चालतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, रेस वाढतच जाते, मागे ढगासारखा धूर. क्वचित होतं, पण तेव्हा विचार करायला वेळ नसतो. साध्या गिअरची गाडी असेल आणि तुम्ही आत असाल तर ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका, क्लच झटकन सोडा. बंद पडेल. जमलं नाही तर उतरा, लोकांना लांब करा आणि स्वतःही लांब जा. हवेच्या तोंडावर हात किंवा कापड धरू नका, दोन्ही आत ओढले जातात.

टर्बो बदललाच तर

ऑईल आणि ऑईल फिल्टर नवीन. इंटरकूलर काढून उलटा टांगून ठेवा, आतलं सगळं ऑईल निथळू द्या. तुटलेल्या पात्यांचे कण आत असतील तर धुवा, नाहीतर तेच इंजिनात जातील. बसवण्याआधी टर्बोच्या ऑईल आत जायच्या भोकातून स्वच्छ ऑईल ओता आणि हाताने चाक फिरवा. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद दोन-तीनदा स्टार्टर मारा, ऑईल वर पोचू द्या. चालू केल्यावर पाचेक मिनिटं रेस न देता ठेवा.

पुढे चालवताना, चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबून निघा आणि घाट चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करा. जुन्या जीपच्या ड्रायव्हरांची सवय आहे, बंद करताना शेवटची एक रेस मारायची. टर्बोच्या गाडीत त्या रेसने चाक जोरात पळवता आणि त्याच क्षणी त्याचं ऑईल तोडता. याउलट मे महिन्यात झाडाखाली एसी लावून तासभर गाडी चालू ठेवली तर काजळीने व्हीजीटीची पाती जाम होतात.

नव्या टर्बोवर शंभरेक किलोमीटर झाले की इंजिन थंड करून सगळ्या पाईपांच्या क्लिपा एकदा पुन्हा आवळा. रबर बसतं आणि क्लिप सैल होते. जुना टर्बो गॅरेजवाल्याकडून मागून घ्या आणि त्याच्यासमोरच नट धरून आत-बाहेर हलवून पाहा.